धूळ, दमा की रक्तवाहिनीचा फास? मुलांच्या घरघरीमागचं एक दुर्लक्षित कारण

मुंबईत थंडी पडायला लागली की हवेच्या दर्जाचे आकडे बातम्यांत येतात आणि मुलांच्या डॉक्टरांकडे खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. गिरगावकरांना तर गेली काही वर्षं यासाठी हिवाळ्याचीही गरज पडली नाही. मेट्रो 3 चं खोदकाम वर्षानुवर्षं चाललं. ऑक्टोबर 2025 मध्ये गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानकं सुरू झाली, रस्त्यावरचे पत्रे हटले. पण फणसवाडी, ठाकूरद्वार, मुगभाट या पट्ट्यात जुन्या चाळींचा पुनर्विकास सुरूच आहे. अशा ठिकाणी मुलाची छाती वाजते म्हटलं की शेजारीपाजारी, केमिस्ट आणि बरेचदा डॉक्टरही एकच उत्तर देतात: धुळीने होतंय.

बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही असतं. मुंबईची हवा बिघडली आहे, हे आता सरकारी कागदावरही मान्य झालं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. 70 मीटरपेक्षा उंच इमारतींच्या कामाभोवती 35 फूट उंच पत्रे, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणं वगैरे. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. डिसेंबर 2024 च्या अखेरीस तर भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं महापालिकेने काही काळ थांबवली. धूळ खरी आहे, बाळदमाही खरा आहे.

पण याच रांगेत थोडी मुलं अशी असतात, ज्यांची घरघर मेट्रोच्या आधीची, पुनर्विकासाच्या आधीची, किंबहुना जन्मापासूनची असते. पंप, नेब्युलायझर, कफाची औषधं सगळं होतं, फरक पडत नाही. त्यांच्या फुप्फुसात दोष नसतो. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी चुकीच्या वाटेने गेलेली असते आणि तिने श्वासनलिकेला विळखा घातलेला असतो. वैद्यकीय भाषेत याला व्हॅस्क्युलर रिंग म्हणतात. हा आजार दुर्मिळ आहे. 1000 जन्मांमागे साधारण 8 ते 10 बाळांना हृदयाचा किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात दोष असतो आणि त्या सगळ्या दोषांपैकी व्हॅस्क्युलर रिंगचा वाटा सुमारे 1 टक्का धरला जातो. त्यामुळे प्रत्येक खोकणाऱ्या मुलाच्या आईने घाबरून जायचं कारण नाही. मात्र ज्याला हा दोष आहे, त्याला दम्याच्या औषधाने बरं वाटणार नाही आणि शस्त्रक्रियेने बहुधा वाटेल. म्हणून चुकीचं निदान इथे महाग पडतं.

परांची काढायची राहून जाते तेव्हा

हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी महाधमनी आधी वर जाते, मग कमानीसारखी वळून खाली उतरते. सर्वसाधारणपणे ही कमान श्वासनलिकेच्या डाव्या बाजूने जाते. श्वासनलिकेच्या मागेच अन्ननलिका असते. एवढ्याशा जागेत तिन्ही नळ्या एकमेकींना त्रास न देता नांदतात.

ही रचना एकदम तयार होत नाही. गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात गळ्याच्या भागात रक्तवाहिन्यांच्या कमानींच्या जोड्या डाव्या-उजव्या बाजूंनी एकामागून एक उगवतात. त्यातल्या काही टिकतात, काही विरून जातात. इमारत बांधताना लावलेली परांची काम झालं की उतरवतात, तसंच. महाधमनीसाठी डावीकडची चौथी कमान टिकायची आणि उजवीकडची विरायची, असा नेहमीचा क्रम आहे. कधी उजवी विरतच नाही. मग दोन्ही कमानी उरतात, एक श्वासनलिकेच्या या बाजूने, दुसरी त्या बाजूने, आणि मागे जाऊन त्या एकत्र येतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्ही त्या बांगडीत अडकतात. ही दुहेरी महाधमनी कमान.

दुसऱ्या प्रकारात डावी कमान विरते आणि उजवी टिकते. नुसती उजवी कमान असणं तसं निरुपद्रवी. अडचण होते ती एका दोरीने. गर्भात बाळाचं फुप्फुस काम करत नसतं, म्हणून फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक आडवाट असते. जन्मानंतर ती बंद होऊन तिचा कडक पट्टा उरतो. कमान उजवीकडे आणि हा पट्टा डावीकडे असेल तर काही मुलांत बांगडी पूर्ण होते. या पट्ट्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे तो सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. बाकीच्या वाहिन्या कशा ओढल्या गेल्या आहेत, यावरून डॉक्टरांना तो ताडावा लागतो.

तिसरा प्रकार कमी आढळतो पण जास्त अवघड आहे. डाव्या फुप्फुसाकडे जाणारी धमनी उजव्या धमनीतून फुटते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधून वाट काढत डावीकडे येते. झोळीत घालून ओढावं तशी ती श्वासनलिकेला मागून ओढून धरते. अशा बऱ्याच मुलांत श्वासनलिकेची घडणही बिघडलेली असते. नेहमी तिचे कूर्चेचे कडे मागे उघडे, इंग्रजी सी अक्षरासारखे असतात. इथे ते पूर्ण गोल आणि अरुंद असतात. तेव्हा नुसती वाहिनी सोडवून भागत नाही, श्वासनलिकाही दुरुस्त करावी लागते.

दम्यासारखं दिसतं, पण...

घोळ होतो तो आवाजामुळे. श्वासाचा आवाज म्हणजे दमा, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट आहे की आवाज कसला, कधीपासून आणि कधी वाढतो हे विचारलंच जात नाही. खरं तर निम्मं निदान याच तीन प्रश्नांत असतं.

दम्यात त्रास बारीक श्वासनलिकांत असतो. शिट्टीसारखा आवाज मुख्यतः श्वास सोडताना येतो. त्रास झटक्यांनी येतो, मधले दिवस मूल ठणठणीत असतं, आणि पंप घेतल्यावर बहुधा उतार पडतो. व्हॅस्क्युलर रिंगमध्ये दाब मोठ्या नळीवरच असतो. म्हणून आवाज जाडसर, श्वास घेताना आणि सोडतानाही येऊ शकतो. खोकला भुंकल्यासारखा, पत्र्याच्या डब्यावर ठोकल्यासारखा. तो कमीजास्त होतो, पण पूर्ण जात नाही. सर्दी झाली की अस्तराला सूज येते, आधीच अरुंद असलेली नळी आणखी अरुंद होते आणि मूल दवाखान्यात भरती होतं. कफ नीट बाहेर पडत नसल्याने न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो. मुंबईसारख्या शहरात वारंवार खोकणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत क्षयरोगाची शंकाही साहजिक येते, आणि त्यात आणखी काही महिने जातात.

दुसरा धागा जेवणाचा आहे. अन्ननलिकाही त्याच बांगडीत असल्याने घास तिथून उतरताना ती फुगते आणि पुढच्या श्वासनलिकेला दाबते. त्यामुळे दूध पिताना बाळाचा आवाज वाढतो, ते मधेच थांबून धापा टाकतं. अंगावर पिणारं बाळ सहाव्या महिन्यानंतर वरचं खायला लागतं तेव्हा ठसका सुरू होतो. पेज, मऊ वरणभात जातो. पोळीचा तुकडा अडकतो. घरात मग "याला जेवायला तास लागतो", "नखरे करते" अशी बोलणी सुरू होतात. सगळ्या हळू खाणाऱ्या मुलांना रक्तवाहिनीचा दोष नसतो, हे उघड आहे. पण घरघर आणि गिळण्याचा त्रास या दोन तक्रारी एकाच मुलात, जन्मापासून असतील, तर त्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगण्यापेक्षा एकाच डॉक्टरला एकत्र सांगायला हव्यात. काही बाळं मान मागे टाकूनच झोपतात, पुढे वाकवली की आवाज वाढतो. आजी-आजोबांच्या हे आधी लक्षात येतं आणि डॉक्टरांपर्यंत बहुधा पोहोचत नाही.

खाता-खाता किंवा रडता-रडता बाळ निळं पडलं, श्वास काही क्षण थांबला, तर मात्र वाट पाहायची नाही. थेट रुग्णालय गाठायचं.

इथे एक उलट बाजूही नोंदवायला हवी. तान्ह्या बाळाच्या श्वासाचा आवाज येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे स्वरयंत्राचा भाग मऊ असणं. तो आवाज श्वास घेताना येतो, उताणं झोपवलं की वाढतो आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक मुलांत आपोआप जातो. म्हणून "मोठं झालं की जाईल" असं डॉक्टर सांगतात ते बऱ्याचदा योग्यच असतं. प्रश्न येतो तो ठरलेल्या वेळेत आवाज कमी होत नाही तेव्हा. त्या वेळी जुनं वाक्य पुन्हा ऐकवण्यात अर्थ नसतो.

दुहेरी कमान असलेली बाळं बहुधा पहिल्या काही महिन्यांतच त्रास दाखवतात. उजवी कमान आणि पट्टा असा सैल फास असेल तर मूल शाळेत, कधी कॉलेजात पोहोचेपर्यंत निभावतं. ही मुलं वर्गात 'दम्याची' म्हणून ओळखली जातात. पीटीच्या तासाला बाजूला बसतात, चौपाटीवर क्रिकेट खेळताना कायम यष्टीमागे उभी राहतात. धावल्यावर दम लागतो आणि पंपाने फरक पडत नाही, याला पुष्कळदा "व्यायामाने येणारा दमा" असं नाव मिळतं. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाची फुंकर मारायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, नीट होऊ शकते. मोठ्या नळीवर दाब असेल तर तिचा आलेख माथा कापल्यासारखा सपाट येतो आणि औषध देऊनही तसाच राहतो. चाचणी स्वस्त आहे, पण आलेखाचा आकार पाहण्याऐवजी नुसते आकडे वाचले तर ही खूण निसटते.

पंपाने फरक पडत नसेल तरी तो स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही मुलांत दमा आणि रिंग दोन्ही असू शकतात.

ऑक्सिमीटर 98 दाखवतो, मग?

कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. आकडा 98 आला की घरचे निश्चिंत होतात. व्हॅस्क्युलर रिंगमध्ये हा आकडा बहुतेक वेळ चांगलाच असतो, कारण नळी अरुंद असली तरी फुप्फुस निरोगी असतं. म्हणजे इथे चांगला आकडा फारसं काही सांगत नाही.

याच्या बरोबर उलटा एक दोष आहे. त्यात फुप्फुसातल्या धमनी आणि शिरेची मधल्या केशवाहिन्या टाळून थेट जोडणी होते. रक्त ऑक्सिजन न घेताच परत जातं. छाती वाजत नाही, पण जिना चढताना दम लागतो, नखं फुगीर होतात, ओठ निळसर दिसतात आणि ऑक्सिमीटरचा आकडा कमी येतो. कधी झोपल्यापेक्षा उभं राहिल्यावर आणखी कमी. अशा तरुणांच्या घरात अनेकांना नाकातून वारंवार रक्त येत असेल तर तो आनुवंशिक आजार असण्याची शक्यता असते. फुप्फुसाची गाळणी चुकवून गुठळी किंवा जंतू थेट मेंदूत जाऊ शकतात, त्यामुळे पक्षाघात किंवा मेंदूत गळू होण्याचा धोका राहतो. यावर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी सरकवून तो चुकीचा रस्ता धातूच्या वेटोळ्यांनी बुजवता येतो.

दोन रकान्यांच्या मधलं मूल

मुलांचे जन्मजात दोष वेळेत पकडण्यासाठी देशात सरकारी कार्यक्रम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. तपासायच्या आजारांची 30 जणांची यादी आहे. या यादीत जन्मजात हृदयविकार आहे. आणि वेगळ्या गटात, बालपणीच्या आजारांत, श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा म्हणजे दम्यासारखा आजारही आहे.

व्हॅस्क्युलर रिंगचं मूल नेमकं या दोन रकान्यांच्या मधे पडतं. हृदयविकार शोधणारे डॉक्टर स्टेथोस्कोपने हृदयाचा जादा आवाज ऐकतात, मूल निळं आहे का पाहतात. इथे हृदय धडधाकट असतं, जादा आवाज नसतो, मूल निळं नसतं. तो रकाना रिकामा राहतो. घरघर मात्र ऐकू येते, म्हणून दुसऱ्या रकान्यात खूण होते आणि मूल पंप घेऊन घरी जातं. तपासणाऱ्या डॉक्टरची यात लबाडी नसते. समोर शंभर मुलं असताना जे ऐकू येतं तेच लिहिलं जातं. पण अर्जावर "आवाज जन्मापासून आहे का?" आणि "जेवताना वाढतो का?" एवढे दोन प्रश्न जोडले, तर त्याला पैसा लागणार नाही. खासगी विनाअनुदानित शाळांतली मुलं या कार्यक्रमात येतच नाहीत, हा आणखी वेगळा मुद्दा. गिरगाव-दादरमध्येही मध्यमवर्गाची मुलं मोठ्या प्रमाणात अशा शाळांत जाऊ लागली आहेत.

पहिला पुरावा बरेचदा घरातच पडलेला असतो. वारंवार न्यूमोनिया झालेल्या मुलाच्या छातीचे एक्स-रे हमखास निघालेले असतात. ते पाहताना नजर फुप्फुसातल्या पांढऱ्या डागांवर जाते. महाधमनीची कमान डावीकडे आहे की उजवीकडे, श्वासनलिका सरळ आहे की दबलेली, हे त्याच फिल्मवर अनेकदा दिसू शकतं. म्हणून जुन्या फिल्म टाकून देऊ नयेत.

परळपर्यंतचा रस्ता

संशय आला की पुढची वाट बरीच सरळ आहे. पूर्वी बेरियम पाजून एक्स-रे काढत, त्यात अन्ननलिकेवर मागून पडलेली खाच दिसे. ही जुनी तपासणी अजूनही उपयोगी आणि स्वस्त आहे. आता सीटी अँजिओग्राफीत वाहिन्यांचा त्रिमितीय नकाशाच मिळतो. श्वासनलिका आतून किती दबली आहे हे दुर्बिणीने पाहतात. हृदयाची इकोही करतात, सोबत दुसरा दोष नाही ना याची खात्री करायला. कमानीचे दोष असलेल्या काही मुलांत 22 व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असतो. त्यांना कॅल्शियम आणि प्रतिकारशक्तीच्याही अडचणी येऊ शकतात, म्हणून जनुकीय चाचणी सुचवली जाते.

शस्त्रक्रिया नवी नाही. या वाहिन्यांची वर्णनं 18 व्या शतकापासून सापडतात. इंग्लंडमध्ये डेव्हिड बेफर्ड यांनी आयुष्यभर गिळण्याचा त्रास सोसून गेलेल्या एका 62 वर्षांच्या बाईच्या शवविच्छेदनात वाट चुकलेली धमनी पाहिली आणि या त्रासाला निसर्गाच्या खोडीवरून नाव दिलं. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, 1945 मध्ये, बोस्टनच्या बालरुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस यांनी एका लहानग्याची दुहेरी कमान कापून श्वासनलिका मोकळी केली. मूळ कल्पना आजही तीच आहे. बहुधा डाव्या बरगड्यांमधून आत जायचं, दोनपैकी लहान कमान किंवा तो पट्टा कापायचा, आजूबाजूचे तंतू सोडवायचे. हृदय उघडावं लागत नाही आणि बहुतेकांत हृदय-फुप्फुस यंत्राचीही गरज पडत नाही. फुप्फुस धमनीच्या झोळीचा प्रकार याला अपवाद.

फणसवाडीतून हरकिसनदास, म्हणजे आताचं सर एच. एन. रिलायन्स, पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पण खासगी रुग्णालयाचा खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. महापालिकेचं नायर मुंबई सेंट्रलला आहे. परळला केईएम आणि मुलांसाठीचं बाई जेरबाई वाडिया शेजारीशेजारी आहेत. केईएम 1926 पासूनचं, वाडिया 1929 पासूनचं. छातीच्या मोठ्या शस्त्रक्रिया परळला नव्या नाहीत. देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण फेब्रुवारी 1968 मध्ये केईएममध्येच डॉ. पी. के. सेन यांनी केलं होतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2023 मध्ये घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, हे भरती होण्याआधी त्यांच्याकडून लिहून घेतलेलं बरं. ऐनवेळी रेशनकार्डासाठी धावपळ करणारे पालक प्रत्येक सरकारी रुग्णालयात दिसतात.

पालकांना आधीच सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी घरघर दुसऱ्या दिवशी थांबत नाही. कित्येक महिने दाबाखाली राहिलेली श्वासनलिका त्या जागी मऊ पडलेली असते. तिला ताठ व्हायला महिने, कधी वर्षही लागतं. हे माहीत नसेल तर "ऑपरेशन फुकट गेलं" असं वाटून पालक पुन्हा जुन्या औषधांकडे वळू शकतात.

गर्भातच दिसलं तर?

अलीकडे चित्र वेगळ्या दिशेने बदलतं आहे. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाच्या वरच्या भागातल्या तीन वाहिन्या आणि श्वासनलिका एकाच चित्रात पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यात उजवी कमान किंवा दुहेरी कमान जन्माआधीच कळू शकते. त्यातून नवा प्रश्न उभा राहिला आहे. जन्मल्यावर ज्या बाळाला काहीच त्रास नाही, त्याचं काय करायचं? काही शल्यविशारद म्हणतात, फास पूर्ण असेल तर श्वासनलिका मऊ पडण्याआधीच मोकळी करा. दुसऱ्यांचं म्हणणं, अनेक मुलं त्रासाविना वाढतात, त्यांची छाती उघडायची कशाला? जगभर यावर एकमत नाही. ज्याला खाण्याचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्याची शस्त्रक्रिया करावी, यावर मात्र फारसा वाद नाही. आणि डावी कमान असून नुसती उजव्या हाताची धमनी मागून गेलेली असेल, तर तो बहुधा पूर्ण फास नसतो; अशी अनेक माणसं काही न कळता पूर्ण आयुष्य जगतात.

सोनोग्राफीच्या अहवालात "उजवी महाधमनी कमान" अशी एक ओळ असेल आणि बाळ हसतंखेळतं असेल, तर तो कागद बहुधा बाळंतपणाच्या फाइलमध्येच राहतो. तीन वर्षांनी, वेगळ्या डॉक्टरांकडे, मूल घरघरत असताना तोच कागद पुढे ठेवला तर पंपाची चिठ्ठी लिहिण्याआधी सीटीचा विचार होऊ शकतो. लसीकरणाच्या कार्डासोबत त्याची एक प्रत ठेवणं पुरेसं आहे.